सॅमन विष नाही. गरोदर बाईच्या ताटातून तो काढू नका

बडोद्यातल्या मराठी घरांच्या ग्रुपांवर सध्या सॅमन या परदेशी माशाबद्दल एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'सॅमन : जगातलं सर्वांत विषारी अन्न' असं त्याचं शीर्षक. खाली मुद्दे असे : सॅमनचं मांस मुळात करडं असतं, त्याला रंग टोचतात. तव्यावर टाकला की टोचलेल्या औषधांचा पांढरा चीक बाहेर येतो. तो अँटिबायोटिकवर वाढवलेला असतो. गोठवलेल्या माशात सत्त्व उरत नाही. जवस खाल्लं की ओमेगा-3 मिळतंच. मासे आणि दूध एका दिवशी पोटात गेलं की कोड फुटतं. सॅमनमध्ये पारा असतो, म्हणून गरोदर बाईने माशाला शिवूही नये, नाहीतर बाळाची बुद्धी मंद होते. आणि शेवटी 'आपल्या पूर्वजांनी कधी सॅमन खाल्ला होता का?'

असले मेसेज मी एरवी सोडून देते. हा सोडणार नाही, कारण तो माझ्या भाचीच्या सासूबाईंच्या फोनवर आला. भाचीला सहावा महिना चालू आहे. तिच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगितलेत, म्हणून जावईबापू गोठवलेला सॅमन आणून ठेवायचे. मेसेज आला आणि ती पाकिटं फ्रीजरमधून थेट कचऱ्यात गेली. पाकिटांचं मला काही वाटत नाही. पण पोरीने रात्री फोन करून विचारलं, "मावशी, आधी खाल्लाय त्याचं काय गं होईल?" हा प्रश्न जिच्या तोंडी यायलाच नको होता तिच्या तोंडी या मेसेजने आणला.

म्हणून पाऱ्याचा मुद्दा आधी घेते. माशांत पारा असतो, हे खरं. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं जीवाणूंमुळे मिथाइलमर्क्युरी होतं, ते बारीक जीवांतून लहान माशांत जातं, लहानांतून मोठ्यांत. जो मासा दुसरे मासे खाऊन मोठा होतो आणि बरीच वर्षं जगतो, त्याच्या अंगात ते साचत जातं. गर्भाच्या मेंदूला ते घातक असतं, हेही खरं. मेसेज लिहिणाऱ्याचं एवढं बरोबर आहे. पण कुठल्या माशात किती, हे त्याने पाहिलंच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांचे नमुने तपासून तक्ता केलाय. त्यात सॅमनमधला पारा सरासरी दर ग्रॅमला 0.022 मायक्रोग्रॅम आहे. शार्कमध्ये, म्हणजे आपल्या मुशीच्या जातकुळीत, 0.979. चाळीस पटींहून जास्त.

आता हिशोब मांडू. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये मिथाइलमर्क्युरीची मर्यादा ठरवली : आठवड्याला, वजनाच्या दर किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम. ती ठरवताना पोटातल्या बाळाचाच विचार केलेला होता. 60 किलो वजनाच्या बाईसाठी ही मर्यादा होते 96 मायक्रोग्रॅम. दीडशे ग्रॅमचा सॅमनचा तुकडा तिने आठवड्यातून दोनदा खाल्ला, तर पोटात जातात 6.6. मर्यादा गाठायला तिला आठवड्यात चार किलोंहून जास्त सॅमन खावा लागेल. अमेरिकेची मर्यादा याहून कडक आहे, तरी तिच्या हिशोबानेही आठवड्याला 42 चालतात. भाचीला मी हेच आकडे कागदावर लिहून पाठवले.

याच दोन संघटनांनी 2010 मध्ये तज्ज्ञांची बैठक रोममध्ये घेतली होती. विषय हाच : मासे खाण्याचे फायदे आणि धोके. पारा आणि डायॉक्सिन नावाची विषारी प्रदूषक द्रव्यं एका पारड्यात, माशांतली मेदाम्लं दुसऱ्या पारड्यात टाकून त्यांनी निष्कर्ष काढला, की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका मासे खातात तेव्हा बाळाच्या मेंदूची वाढ कमी पडण्याचा धोका बहुतेक परिस्थितीत कमी होतो, मासे मुळीच न खाणाऱ्या बायकांच्या तुलनेत. मेसेज जे सांगतो त्याच्या नेमकं उलट. अमेरिकेचा सल्लाही गरोदरपणात आठवड्याला साधारण 225 ते 340 ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खाण्याचा आहे, आणि सॅमन त्यांच्या सर्वांत चांगल्या माशांच्या यादीत आहे.

याचं कारण डीएचए नावाचं मेदाम्ल, माशांतल्या ओमेगा-3 पैकी एक. बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ते साठतं, आणि सर्वांत जास्त साठतं शेवटच्या तीन महिन्यांत. गरोदर बाईला दिवसाला किमान 200 मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं सांगतात, म्हणजे आठवड्याला 1.4 ग्रॅम. शेतीतल्या, म्हणजे पाळून वाढवलेल्या, अटलांटिक सॅमनच्या शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये साधारण तेवढंच असतं. एका तुकड्यात आठवड्याची भरपाई. आणि सातवा महिना लागायच्या तोंडावर तोच तुकडा तिच्या ताटातून काढून घेतला!

पाऱ्याची काळजी करायचीच असेल, तर ती योग्य जागी करा. आमच्यासारख्या सीकेपी घरांत आणि कोकणातून आलेल्या कितीतरी घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खायला घालतात. माझ्या आईने मला घातली, सासूबाईंनी जावेला घातली, प्रेमाने घातली. वरच्या हिशोबाने अमेरिकेत तपासलेल्या शार्कचा 100 ग्रॅमचा एकच तुकडा आठवड्याची सगळी मर्यादा संपवतो. आपल्याकडे बाजारात येणारी मुशी बरेचदा लहान असते, तिच्यात पारा कमी असणार, तरी गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला मुशी नकोच. सुरमईच्या जवळच्या नात्यातला किंग मॅकरल हा मोठा मासाही टाळायच्या यादीत आहे, तेव्हा भली मोठी सुरमईही त्या काळात बाजूला ठेवावी. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. निरुपद्रवी माशावर पानभर भीती, आणि ज्याला जपायचं त्याचं नावही नाही.

एक पथ्य मात्र खरंच आहे. गरोदरपणात कच्चा सॅमन, म्हणजे सुशी, आणि न शिजवता थंड धुरी दिलेला सॅमन खाऊ नये. त्यातून लिस्टेरिया या जीवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि तो बाळापर्यंत पोचतो. नीट शिजवला की ही भीती जाते.

आता तो पांढरा चीक. मेसेजमधला हा सर्वांत बिनबुडाचा मुद्दा, आणि लोकांना पटतो कारण ते डोळ्यांनी पाहतात. तव्यावर सॅमन टाकला की थोड्या वेळाने तुकड्याच्या कडेने, मांसाच्या पापुद्र्यांमधून, पांढरे चिकट गोळे बाहेर येतात. हे औषध नाही, माशाच्या अंगातलं प्रथिन आहे. उष्णतेने स्नायू आवळले जातात, आतलं पातळ प्रथिन पिळून वर येतं आणि गरम पृष्ठभागावर थिजतं, अंड्याचा पांढरा बलक थिजतो तसं. नदीत पकडलेल्या सॅमनमधूनही ते येतं. जितका जास्त ताप, जितका जास्त वेळ, तितका चीक जास्त. म्हणजे तो दिसला तर समजायचं की आच फार झाली.

आमच्याकडे जसा करतात तसा सांगते. पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचं, ओट्यावर नाही. सकाळी तुकडे मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले तर चीक बराच कमी येतो. मग फडक्याने अगदी कोरडे टिपायचे. ओलसर तुकडा तव्याला चिकटतो. हळद, लिंबू, आलं-लसणाची गोळी, थोडं तिखट. मीठ बेतानं, कारण पाण्यातून ते आधीच लागलेलं असतं. बिडाचा तवा तापला की चमचाभर तेल, आणि तुकडा सालीची बाजू खाली करून ठेवायचा. उलथन्याने जरा दाबून धरायचा, नाहीतर साल आकसून वाकते. मग त्याला हात लावायचा नाही, बाजूने बघत राहायचं. खालून वर रंग बदलत येतो. गडद, चकचकीत नारिंगी मांस फिकट गुलाबी आणि अपारदर्शक होत जातं. ती रेघ पाऊण उंचीवर आली की उलटायचा, मिनिटभर ठेवायचा, गॅस बंद. सुरीचं टोक घालून पापुद्रे सुटले आणि आत कुठे चकचकीत दिसलं नाही की झाला. गरोदर बाईसाठी असेल तर ही खात्री करूनच वाढायचा. सॅमनला स्वतःचं तेल भरपूर असतं, त्याला रव्यात घोळवून कढईत तळायची काही गरज नाही.

रंगाचं म्हणाल तर तो टोचत नाहीत. रानटी सॅमन कोळंबीसारखे बारीक जीव खातो, त्यांच्यातल्या ॲस्टाझँथिन या रंगद्रव्याने त्याचं मांस नारिंगी होतं. कच्छच्या रणातल्या रोहित पक्ष्यांना गुलाबी रंग याच जातीच्या द्रव्यांनी, खाण्यातूनच येतो. शेतीतल्या सॅमनला ते जीव मिळत नाहीत, म्हणून खाद्यात ॲस्टाझँथिन घालतात. ते बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाला किती गडद मांस आवडतं ते पाहून त्याचं प्रमाण ठरवतात, हेही मी नाकारत नाही. ते घातलं नाही तर मांस फिकट, करडट राहतं, हेही मान्य. पण त्याने मासा विषारी होत नाही. हे द्रव्य सॅमनच्या स्वतःच्या तब्येतीलाही लागतं.

शेतीतल्या सॅमनबद्दल ओरड का सुरू झाली, त्याला कारण आहे. 2004 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात शेतीतल्या सॅमनमध्ये, विशेषतः युरोपातल्या, पीसीबी ही कारखानी विषारी रसायनं आणि डायॉक्सिन रानटी सॅमनपेक्षा जास्त सापडले होते. ही द्रव्यं माशांच्या तेलातून, खाद्यातून येत. 1990च्या सुमारास नॉर्वेतल्या खाद्यात दहातले नऊ भाग सागरी घटक असायचे, आता ते चतुर्थांशाच्या आसपास आलेत, बाकी सोयाबीन, रेपसीड वगैरे. त्यामुळे ही द्रव्यं घटली. ओमेगा-3ही पूर्वीपेक्षा घटलं, ते मेसेजवाल्याला माहीत असतं तर त्याने तेही लिहिलं असतं. अँटिबायोटिकचं अर्धं खरं आहे : चिलीत अजून बरंच वापरतात. नॉर्वेत माशांना लस टोचायला लागल्यापासून, 1987च्या तुलनेत, वापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. पाकिटावर देश लिहिलेला असतो, तो वाचून घ्या.

गोठवल्याने सत्त्व जात नाही. प्रथिनं, ओमेगा-3, ड जीवनसत्त्व सगळं राहतं, शिवाय नीट गोठवलं तर परजीवी मरतात. बडोद्याला समुद्र नाही. इथे 'ताजा' म्हणून मिळणारा मासा बरेचदा वेरावळहून बर्फात आलेला असतो.

जवस जरूर खा. त्याची चटणी मीही वर्षभर करते. पण जवसातलं ओमेगा-3 वेगळं, शरीर त्यातल्या फारच थोड्या भागाचं डीएचए करू शकतं. ज्या घरात मासे चालतच नाहीत, आणि बडोद्यात अशी घरं पुष्कळ, तिथे शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या गोळ्या मिळतात; डॉक्टरांना विचारून त्या घ्याव्यात.

आणि दूध. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितलाय, तो कुणाला पाळायचा असेल त्याने खुशाल पाळावा, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं. पण कोड त्याने होत नाही. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. आधीच ज्या मुलींची लग्नं या डागांपायी अडतात, त्यांच्या आयांनी काही चुकीचं खाऊ घातलं होतं असा आळ घेणारं वाक्य पुढे पाठवताना जरा तरी विचार करावा.

राहिले पूर्वज. त्यांनी सॅमन खाल्ला नाही, हे अगदी खरं. ते बांगडा खात, तारली खात, आणि इथे आल्यावर भरूचजवळ नर्मदेच्या मुखाशी भाडभूतला मिळणारा पाला, म्हणजे बंगाल्यांची हिलसा, काटे काढत काढत खात. हे तिन्ही तेलकट मासे, ओमेगा-3 असणारे, आणि लहान, कमी वर्षं जगणारे, म्हणून पारा कमी. सॅमन परवडत नसेल, तर त्याची काही सक्ती नाही. त्याच्या किमतीत कितीतरी बांगडे येतात. भाचीला मी आता तेच सांगितलंय : सासूबाईंना सॅमनची धास्ती वाटत असेल तर त्यावर वाद घालत बसू नकोस, ताजे बांगडे आण, कल्ले लाल आणि डोळे फुगीर बघून घे, तव्यावर कमी तेलात भाज, आणि आठवड्यातून दोनदा खा.