‘मराठी पोरांना स्कॉलरशिप मिळत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पी.यू.सी. सेकंडचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा निकाल लागला की सीमाभागात खानापूर, बेळगाव, निपाणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘कर्नाटकात मराठी पोरांना स्कॉलरशिप मिळत नाही. मिळालीच तर पंच्याण्णव टक्केवाल्याला. दोन फॉर्म भरले की दोन्ही रद्द. एजंटशिवाय काम होत नाही. त्यापेक्षा पोराला सरळ महाराष्ट्रात घाला, तिथं सीमाभागाला सगळं फुकट.’ यंदा तो मला माझ्या भाच्यानंच पाठवला, खाली हात जोडलेले दोन इमोजी लावून. कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

पहिलं वाक्य: मराठी आहे म्हणून मिळत नाही. यामागचा राग मला कळतो. राज्याचं स्कॉलरशिप पोर्टल, ज्याला सगळे एस.एस.पी. म्हणतात, ते कन्नड आणि इंग्रजीत चालतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या बापानं त्यापुढे बसून काय करायचं? ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि ती करत राहायलाच हवी. पण फॉर्म अवघड असणं वेगळं आणि अर्ज भाषेवरून बाद होणं वेगळं. पोर्टल विचारतं रहिवास, प्रवर्ग आणि उत्पन्न. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत 3बी या प्रवर्गात आहे, त्या दाखल्यावर मराठी घरातल्या पोरांनी पैसे घेतलेले मी स्वतः पाहिलेत. निपाणी, चिकोडीकडच्या जैन घरांतली मुलं तर अल्पसंख्याक म्हणूनही पात्र ठरतात. मात्र ‘आपण भाषिक अल्पसंख्याक, म्हणून आपल्यालाही ती स्कॉलरशिप’ असं समजून कोणी अर्ज केला तर तो बाद होणारच. तिथं अल्पसंख्याक म्हणजे धर्मानं.

मग एवढे अर्ज अडकतात कशानं? नावानं. एका पोराचं नाव विनायक. मार्क्सकार्डावर आडनाव आधी, मग विनायक, मग वडील परशराम. आधार काढलं तेव्हा समोरच्या माणसानं कन्नड वळणानं ‘विनायका’ लिहिलं आणि वडिलांचं झालं ‘परशुराम’. नाडकचेरीच्या, म्हणजे जात-उत्पन्नाचे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. मशीनला मराठी कळत नाही तसं कन्नडही कळत नाही, तिला फक्त शेवटचं ‘ए’ हे इंग्रजी अक्षर जास्तीचं दिसतं. पोरानं गावभर सांगितलं, मराठी म्हणून काढलं. मी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलनं ते ‘ए’ दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. आधार दुरुस्त होऊन आलं तोवर तारीख गेली होती. आमच्या भागात नावं मराठीत ठेवतात, कन्नडात लिहितात आणि इंग्रजीत छापतात, त्यामुळे हे घरोघरी होतं. दहावीतच सगळे कागद एका नावावर आणले तर निम्मी डोकेदुखी तिथंच संपते.

नाव जुळलं तरी पैसे येतीलच असं नाही. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर पडतात, फॉर्मसोबत कुठल्या पासबुकाची झेरॉक्स लावली याला काही अर्थ नसतो. बँकेत आधार दिलेलं असणं आणि कुठल्या आधारला कुठली बँक हे ठेवणाऱ्या एन.पी.सी.आय.च्या नोंदीत ते खातं लागलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. तिथं एका वेळी एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. सिम घेताना दुकानदारानं सोबत उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातंही तिथं जाऊन बसू शकतं. खानापूरकडची एक मुलगी दोन वर्षं म्हणत होती, ‘सर, आलंच नाही.’ पैसे आले होते. पाचवीत असताना शाळेनं उघडून दिलेल्या खात्यात पडून होते आणि ते पासबुक आईच्या ट्रंकेत साडीखाली.

दुसरं वाक्य: पंच्याण्णव टक्के लागतात. केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची मोठी योजना आहे, एन.एस.पी. या केंद्राच्या स्कॉलरशिप पोर्टलवरची, दरवर्षी देशभरात 82,000 नव्या स्कॉलरशिप. अट टक्क्यांची नाही, पर्सेंटाइलची आहे: आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत पास झालेल्यांमध्ये वरच्या वीस टक्क्यांत यायचं. आर्ट्सच्या पोराची तुलना सायन्सवाल्याशी होतच नाही. जागा सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा 3:2:1 प्रमाणात वाटतात, त्यातल्या निम्म्या मुलींना. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत चालतं. डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये, पी.जी.ला 20,000. पुढच्या वर्षी चालू ठेवायला 50 टक्के मार्क आणि 75 टक्के हजेरी पुरते. मिळालेली स्कॉलरशिप पुढं हजेरीवर घालवलेले पुष्कळ पाहिलेत, त्यांचा मेसेज मात्र कोणी फिरवत नाही.

ज्या मुलींनी दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून केली आहे, त्यांच्यासाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनचे वर्षाला 30,000 रुपये आहेत. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला गेलेल्या मुलीला ए.आय.सी.टी.ई. या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ स्कॉलरशिप, वर्षाला 50,000, उत्पन्न मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. यात ‘मराठी’ कुठं अडलं?

तिसरं, दोन फॉर्म भरले की दोन्ही रद्द. हे अर्धवट ऐकलेलं सत्य आहे. एकाच वेळी दोन ठिकाणचे पैसे चालत नाहीत असं काही योजनांत लिहिलेलं असतं, वर सांगितलेली केंद्राची योजना त्यातलीच. तिथं मोठी रक्कम ठेवायची, दुसरी सोडायची. पण नुसता अर्ज केला म्हणून शिक्षा नाही. एस.एस.पी.वर तर एकाच अर्जातून तुम्ही कुठल्या खात्याच्या योजनेत बसता ते ठरतं. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राज्यानं 2021 साली रयत विद्यानिधी सुरू केली, तेव्हा मुलांना कोर्सप्रमाणे 2,500 ते 10,000 आणि मुलींना 3,000 ते 11,000 रुपये ठरले होते. त्यासाठी फ्रूट्स या राज्याच्या शेतकरी पोर्टलवर शेतकऱ्याची नोंदणी लागते. आजोबांच्या नावावरच राहिलेला उतारा इथं आडवा येतो. ते काम कॉलेजचं नव्हे, तलाठ्याकडचं. आणि जूनच्या आधीचं.

खरी ‘एक किंवा दुसरं’ निवड हॉस्टेलची असते. मागासवर्गीय खात्याच्या, म्हणजे बी.सी.एम. हॉस्टेलात जागा मिळाली तर राहणं-जेवण फुकट. नाही मिळाली तर विद्यासिरी, म्हणजे बाहेर राहण्या-जेवणासाठी दहा महिने मिळणारे पैसे; योजना सुरू झाली तेव्हा महिना 1,500 होते. दोन्ही एकदम नाही. मला विचाराल तर हॉस्टेल घ्या. तेवढ्या पैशांत बेळगावात आज कोण खोली आणि दोन वेळचं जेवण देतंय?

एजंटबद्दल फार लिहायची गरज नाही. दोन्ही पोर्टलवर अर्ज फुकट आहे. सायबरवाल्यानं टायपिंगचे पैसे घेतले तर घेऊ देत, तेवढा त्याचा धंदा आहे. पण तो स्वतःचा मोबाइल नंबर घालत असेल तर तिथंच उठा. ओटीपी त्याच्याकडे जाणार, अर्जात चूक निघाली तर मेसेज त्याला येणार आणि पुढच्या वर्षी तो तुम्हाला ओळखणार नाही. शिवाय सबमिट दाबलं म्हणजे काम झालं असं नाही. कॉलेजनं अर्ज तपासून पुढं पाठवावा लागतो. प्रिंट घेऊन आमच्यासारख्यांच्या टेबलावर या, परत परत या. क्लार्क वैतागतो, मीही वैतागायचो. पण फाइल हलते.

आता शेवटचं: महाराष्ट्रात सगळं फुकट. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात विवादित सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी खरोखरच वेगळा प्रकार आहे, टाइप ई म्हणतात त्याला, आणि त्यामागे 865 गावांची यादी आहे. आपलं गाव यादीत असेल तर ती सवलत जरूर घ्या, लढून मिळालेली आहे. पण ती सवलत प्रवेशाची आहे. खोली, मेस, डिपॉझिट यात येत नाही आणि फी माफीच्या प्रत्येक योजनेची अट निराळी, ती छापील वाचल्याशिवाय डोनेशनची पावती फाडू नका. निपाणीच्या पोराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, त्याचं गणित जमेलही. खानापूरच्या पोरीला बेळगाव सव्वीस, आणि 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिला तिकीट नाही. पोरांना पास काढावा लागतो, तोही सवलतीतच. याउलट पुण्यात खोलीचं एका महिन्याचं भाडं जेवढं, तेवढ्यात इथल्या साध्या डिग्रीला वर्षाची पुस्तकं येतात.

आणि या ‘सगळं फुकट’च्या नादात आणखी एक होतं. ॲडमिशनला उपयोगी पडेल म्हणून काहीजण मुलीच्या आधारवरचा पत्ता आधीच बदलून टाकतात, चंदगडला किंवा गडहिंग्लजला मामाच्या घरचा घालतात. मग कोल्हापूरचा नंबर लागत नाही, मुलगी बेळगावातच कॉलेजला येते आणि पहिल्याच दिवशी कंडक्टर कार्ड बघून म्हणतो, ‘हे महाराष्ट्राचं आहे की, तिकीट काढ.’ माझ्या भाच्यानं त्याच्या पोरीचा पत्ता बदलायला टाकला होता. फोन ठेवायच्या आधी एवढंच विचारलं त्यानं, ‘मामा, परत खानापूरचा करायला काय काय लागतंय?’