चार्जर लावलेला असताना बॅटरी उतरते? आधी केबल बदलून बघा

डिचोली, सत्तरी आणि फोंड्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. देवस्थानच्या गटात आला, नाटकमंडळाच्या गटात आला, महिलांच्या स्वयंसहाय्य गटातूनही एका गिऱ्हाइकाने मला दाखवला. तो थोडक्यात असा: "चार्जर लावलेला असतानाही फोनची टक्केवारी खाली जात असेल तर सावधान! तुमची बॅटरी मेली आहे. गोव्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की करंट फोनमधून उलटा वायरीत जातो. जास्त वॅटचा चार्जर लावू नका, फोन जळेल. बॅटरी तीन वेळा पूर्ण शून्यावर आणून भरा. तरीही फरक पडला नाही तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पावसात भिजल्यास तांदळात ठेवा, जॅक सेफ्टी पिनने साफ करा. एवढ्यानेही न झाल्यास ताबडतोब नवी बॅटरी बसवा."

साखळीत मी बरीच वर्षं मोबाइल दुरुस्त करतो. जुलैमध्ये वाळपईच्या पलीकडच्या एका गावातून एक मावशी हा संदेश घेऊन आल्या. बस बदलून, भर पावसात, बॅटरीसाठी पैसे बाजूला काढून. फोन रात्रभर लावला तरी सकाळी चाळीसचे तीस टक्के झालेले असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी दुकानातली केबल लावली. पाच मिनिटांत आकडा वर सरकला. त्यांची केबल टोकाशी वाकून आतून अर्धी तुटली होती. दुरुस्ती तेवढीच. मावशींचे पैसे वाचले, पण असे किती जण दुकानापर्यंत न येता थेट बॅटरी बदलत असतील, हे मनातून जात नाही. म्हणून त्या संदेशातलं एकेक वाक्य घेऊन लिहितोय.

"तुमची बॅटरी मेली आहे." सगळी चूक या पहिल्याच वाक्यापासून सुरू होते. चार्जरकडून आलेली वीज सगळी बॅटरीत जात नाही. आधी ती फोन चालवायला लागते, उरली तर बॅटरीत भरली जाते, आणि कमी पडली तर तूट बॅटरी भरून काढते. म्हणजे चार्जर लावूनही टक्के उतरतात तेव्हा येणारी वीज खर्चापेक्षा कमी आहे, एवढंच सिद्ध होतं. बॅटरी म्हातारी झाली की तिची साठवण कमी होते. हंडा लहान झाला तर नळाखाली तो लवकर भरतो, रिकामाही लवकर होतो. पण नळ चांगला चालू असताना तो आपोआप रिता होत नाही. जुन्या बॅटरीचा फोन चार्जरवर असताना भराभर शंभरावर जातो आणि काढला की भराभर खाली येतो. चार्जरवर असतानाच उतरत असेल तर आधी नळ तपासायचा.

तपासायचा कसा, तेही सांगतो. फोन पूर्ण बंद करा आणि अर्धा तास चार्जिंगला लावा. बंद फोनचा खर्च जवळपास शून्य असतो. टक्के चांगले वाढले तर आवक ठीक आहे, खर्च जास्त आहे: कुठलं तरी अ‍ॅप, हॉटस्पॉट, स्क्रीनचा उजेड. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कुठलं अ‍ॅप किती खातं, ते दिसतं. बंद फोनही वाढत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी केबल, मग चार्जर, मग सॉकेट. तिन्ही एकदम बदलली तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. माझ्या बाकावर आलेल्या अशा फोनांत दोष सगळ्यांत जास्त वेळा केबलमध्येच निघालाय.

केबल तुटलेलीच असावी लागते असंही नाही, बारीक असली तरी पुरतं. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या केबलच्या आत केसासारखी तार असते. 28 गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण 0.21 ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणजे दोन तारा, 0.42 ओहम. त्यातून 2 अँपिअर न्यायचे म्हटले तर वाटेतच 0.8 व्होल्टहून जास्त गळतात. चार्जरने 5 सोडले, फोनपाशी 4.2 पोचले. फोनला हे कळतं आणि तो स्वतःहून मागणी कमी करतो. स्क्रीनवर "चार्ज होत आहे" हे मात्र दिसतच राहतं. केबल दोन-तीन मीटर लांब असेल तर हिशेब आणखी बिघडतो. आखूड आणि जाड केबल घ्या.

"व्होल्टेज उतरलं की करंट उलटा जातो." संध्याकाळी पंखा मंद फिरतो, बल्ब पिवळा पडतो, हे आपल्या खेड्यांत सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून हे वाक्य पटकन पटतं. पण तुमच्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट 100 ते 240 व्होल्ट असं जवळजवळ प्रत्येक फोन-चार्जरवर लिहिलेलं असतं. घरातलं 230 उतरून 180 झालं तरी तो बाहेर 5 व्होल्टच देतो. पंख्याला असली सोय नाही, म्हणून तो मंदावतो. आणि उलटं जायचं तर वाटच नाही. भिंतीतली वीज चार्जरमध्ये आधी सरळ, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, केली जाते, मग फार वेगाने चालू-बंद करत लहानशा ट्रान्स्फॉर्मरमधून पलीकडे नेली जाते, तिथे ती पुन्हा सरळ होते. हा रस्ता एकेरी आहे. फोनच्या आतही उलटा प्रवाह अडवणारी जागा असते. वीज गेली असताना चार्जर लावून ठेवला तर फोन आपल्या नेहमीच्या खर्चाने उतरेल, घरच्या वायरिंगमध्ये काही सोडणार नाही.

एका बाबतीत मात्र फोन खरोखर वीज देतो, आणि ती सांगायलाच हवी. सी-टाइप ते सी-टाइप केबलने दोन फोन जोडले, किंवा फोन आणि पॉवर बँक जोडली, तर कोण देणार आणि कोण घेणार हे दोन्ही यंत्रं आपसांत ठरवतात. कधी कधी ठरतं उलटं. पॉवर बँक लावली आणि फोनच उतरायला लागला, असं तुमच्याकडे झालं असेल तर वरून सूचनांची पट्टी खाली ओढा. यूएसबीच्या सूचनेत जोडलेल्या यंत्राला चार्ज करण्याचा पर्याय चालू दिसेल, तो बंद करा. नाहीतर केबल काढून पुन्हा लावा.

"जास्त वॅटचा चार्जर लावू नका." 67 वॅटचा चार्जर 10 वॅटच्या फोनला लावला म्हणून 67 वॅट आत घुसत नाहीत. फोन मागेल तेवढंच जातं. वेगवान चार्जिंगमध्ये तर फोन आणि चार्जर बोलणी करूनच व्होल्टेज वाढवतात, बोलणी जमली नाहीत तर चार्जर 5 व्होल्टवरच राहतो. इथेच लोकांची गफलत होते: एका कंपनीचा मोठा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला बऱ्याचदा साध्या वेगाने चार्ज करतो, कारण प्रत्येकाची भाषा वेगळी. दोन्हींकडे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सगळ्या कंपन्यांना वापरता येणारी सामाईक भाषा, असेल तर ही अडचण बरीच कमी होते. घाबरायचं असेल तर बिननावाच्या, हलक्या वजनाच्या स्वस्त चार्जरला घाबरा. आतली सुरक्षेची व्यवस्था वगळूनच तो स्वस्त झालेला असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो शोधा.

संदेश लहान चार्जरबद्दल काहीच बोलत नाही, आणि आमच्याकडची बरीच प्रकरणं तिथलीच. गाडीतलं यूएसबी घ्या. जुन्या गाड्यांत ते मुळात गाण्यांच्या पेन ड्राइव्हसाठी दिलेलं असतं, अर्धा अँपिअर देतं. 5 व्होल्ट गुणिले 0.5, म्हणजे 2.5 वॅट. आता केरीहून चोर्ला घाट चढून बेळगावला निघालाय. नकाशा चालू, उन्हामुळे स्क्रीनचा उजेड पूर्ण, घाटात नेटवर्क येतंय-जातंय आणि ते पकडायला फोन जास्त ताकद लावतोय. खर्च 4 वॅटपर्यंत सहज जातो. दर तासाला दीड वॅट-तासाची तूट. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॅट-तास. दोन तासांत पंधरा टक्के गेले, तेही फोन चार्जिंगला लावलेला असताना. बॅटरी अगदी नवी असली तरी असंच होणार. सिगारेट लायटरच्या जागी बसणारा चांगला चार्जर घेतला की काम झालं.

त्याच गाडीत दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. काचेमागे डॅशबोर्डवर लावलेला फोन तापतो, आणि तापलेल्या लिथियम बॅटरीत वीज भरणं धोक्याचं असल्यामुळे फोन चार्जिंगचा वेग उतरवतो, कधी थांबवतोच. अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सांगते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे सावलीतच त्या कडेला पोचायला होतं, पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत तर कधीच ओलांडलेलं असतं. फोन एसीच्या झोताजवळ लावा, जाड कव्हर काढा. घरी चार्जिंग करताना उशीखाली, गादीवर ठेवू नका.

"तीन वेळा शून्यावर आणा." हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळचा. त्या अर्धवट वापरल्या तर साठवण विसरायच्या. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आजच्या फोनांत त्याच जातीची बॅटरी असते, आणि तिला असली सवय नाही. उलट वारंवार तळ गाठला की ती लवकर झिजते. टक्क्यांचा आकडा कधी चुकीचा दाखवू लागतो, तेव्हा एकदा पूर्ण उतरवून भरल्याने आकडा जागेवर येऊ शकतो. साठवण त्याने वाढत नाही.

फ्रीजबद्दल हात जोडून सांगतो, करू नका. पावसाळ्यात फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्यावर तिला कसं पाणी सुटतं ते आठवा. तेच पाणी फोनच्या आत, बोर्डावर सुटतं.

पाण्याचा विषय आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोजचाच, म्हणून तांदूळ आणि सेफ्टी पिनबद्दल जरा सविस्तर. बऱ्याच फोनांत जॅकमध्ये ओल आहे हे ओळखायची सोय असते. थेंबाचं चिन्ह येतं आणि चार्जिंग बंद होतं. लोक ते चिन्ह झटकून टाकतात आणि केबल तशीच लावून ठेवतात. अशा वेळी ओल्या पिनांवर वीज असते, आणि ओल अधिक वीज मिळून धातू खातात. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. हिरवट कीट धरलेले जॅक माझ्याकडे श्रावणात रांगेने येतात. एकदा पिना खाल्ल्या गेल्या की जोड कच्चा होतो आणि चार्जिंग धरसोड करू लागतं.

ओला जॅक असेल तर केबल काढा, तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी पंख्यासमोर ठेवा. कधी काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. चूल, हेअर ड्रायर नको. तांदूळही नको. त्याचा भुसा आणि कणी जॅकमध्ये जाऊन बसते, आणि आतली ओल काढायला तो हवेपेक्षा काही वेगळं करत नाही. अ‍ॅपलनेही आपल्या मदतपानावर तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय.

कोरड्या दिवसांत जॅकमध्ये तांबडी धूळ आणि खिशातला कापूस दाबून बसतो. केबल पूर्वीसारखी "टक" करून बसत नाही, किंचित बाहेर राहते, हीच त्याची खूण. साफ करायलाच हवं, पण सेफ्टी पिनने नाही. सी-टाइपच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी मिळून 24 संपर्क. लोखंडी टोकाने ती जीभ मोडते, संपर्क एकमेकांना चिकटतात, आणि बिनखर्चाचं काम जॅक बदलण्यावर येतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, उजेडात बघत कडेकडेने कचरा उकरा. जमत नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, दोन मिनिटांचं काम आहे.

राहिलं शेवटचं वाक्य, "ताबडतोब नवी बॅटरी बसवा." बॅटरी बदलावी लागते, नाकारत नाही. वीस-तीस टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडतो, पन्नासावरून एकदम बारावर उडी मारतो, किंवा केबल आणि चार्जर बदलूनही बंद फोन भरत नाही आणि जॅक स्वच्छ आहे, तेव्हा बॅटरीकडे वळा. बंद अवस्थेतही फोन गरम लागत असेल तर आतच काही तरी शॉर्ट आहे, तो चार्जिंगला लावूच नका.

आणि मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन कडेने वर आलीय, टेबलावर ठेवला की फोन डुलतो, असं दिसलं तर बॅटरी फुगलीय. त्या क्षणी चार्जर काढा, फोन बंद करा, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका. कपाटात किंवा कापडांत न ठेवता लादीवर, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात जाता कामा नये, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुन्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती दुकानातच द्या. माझ्याकडे अशा बॅटऱ्यांसाठी वाळू भरलेला पत्र्याचा डबा ठेवलेला आहे.