नाव एक, फोन भलताच

रात्रीचे दीड वाजलेत. सोलापूरचा मे महिना, पंखा नुसत्या झळा फेकतोय आणि फोन लोगोवर अडकलाय. लोगो येतो, जातो, परत येतो. तिसरी वेळ आहे ही माझी!

कंपनीने दोन वर्षांत अपडेट बंद केले म्हणून लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली मोफत सिस्टिम, टाकायला बसलो. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडायला आधी आठवडाभर ताटकळलो. उघडताना सगळा डेटा पुसला जातो, तेही सोसलं. आणि आता कळतंय की फोनचं नाव तेच, खोकं तेच, पण आतली चिप वेगळी! एकाच नावाखाली कुठे स्नॅपड्रॅगन, कुठे मीडियाटेक. कोडनेम, म्हणजे प्रत्येक मॉडेलचं आतलं खरं नाव, बघून घ्यायचं असतं, मान्य. पण नवी पेठेत दुकानदाराला कोडनेम विचारलं तर तो म्हणाला, "काय बे, कव्हर पायजे का ग्लास?"

रिकव्हरी, म्हणजे नवी सिस्टिम बसवणारा छोटा प्रोग्राम, बरोबर मिळाली; रॉम, म्हणजे ती सिस्टिमच, मात्र जुळ्या भावाची, त्याच नावाच्या दुसऱ्या फोनची. रिकव्हरीने 'एरर ७' दाखवून सरळ सांगितलं होतं, हे पॅकेज या फोनचं नाही. मी शहाणा! पॅकेजच्या स्क्रिप्टमधली फोन तपासणारी ओळच उडवली.

बरं, जमलं तरी सुख कुठंय? मागच्या फोनवर सगळं नीट बसलं, तर बँकेचं ॲप म्हणे तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही. कंपनीच्या मूळ सिस्टिमवर, तीन वर्षांपूर्वीच्या सिक्युरिटी पॅचवर मात्र तेच ॲप गुमान चालायचं.

आई पाणी प्यायला उठली. "फोन बिघडला का रे?"

बिघडला नाही गं, बिघडवला.