प्रतिक्रियेला उत्तर : वजन बघून व्यसन ठरत नाही

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 'खाण्याचं व्यसन' हे अधिकृत निदान नाही, ती जाड माणसांना मिळालेली आयती सबब आहे, जिभेवर ताबा ठेवला की वजन उतरतं, आणि अकरा वर्षांची मुलगी लपवून खाते म्हणून तुम्ही फरसाणाचा डबा कुलपात ठेवलाय.

वजन जास्त म्हणजे व्यसन, हे मलाही मान्य नाही. 2009 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अ‍ॅशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी खाण्याचं व्यसन ओळखायची प्रश्नावली तयार केली. तीत वजन विचारतच नाहीत. ठरवलं त्याहून जास्त खाल्लं जातं का, कमी करायचे प्रयत्न फसतात का, त्रास होतोय हे कळूनही सुटत नाही का, असं विचारतात. अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये निघाला. जास्त वजनाच्या लोकांत साधारण 25 टक्के या निकषांत बसले, निरोगी वजनाच्या लोकांत 11 टक्के. म्हणजे संबंध आहे. पण जाड माणसांतल्या चारांपैकी तिघांना हे लेबल लागूच होत नाही, आणि काही सडपातळ माणसांना होतं.

माझ्या ओळखीतली एक बाई अंगानं अगदी काटकुळी आहे. घरचे झोपले की ओट्यापाशी उभ्या उभ्या शेवेचा पुडा संपवते, रिकाम्या पुड्याची घडी घालून ती केराच्या डब्यात भाजीच्या देठांखाली दडपते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडात काही घालत नाही. तिला मदत लागेल, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. तिच्या जाड बहिणीला मात्र प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी ऐकवतंच. ती बहीण चारचौघांसारखीच जेवते.

'खाण्याचं व्यसन' हे अजून अधिकृत निदान नाही, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे पुस्तक वापरतात, त्या 2013 च्या डीएसएम-5 मध्ये ते नाही. बिंज ईटिंगचा, म्हणजे ताबा सुटून एकाच वेळी भरमसाट खाण्याचा विकार मात्र त्यात आहे.

आता ताबा. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. दोन्हीकडे वाढलेल्या ताटात कॅलरी, साखर, चरबी, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. 2019 मध्ये निष्कर्ष आले : पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि जवळपास किलोभर वाढली. माणसं तीच, त्यांची इच्छाशक्तीही तीच.

कुलपाबद्दल मला जास्त काळजी वाटते. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एका प्रयोगासाठी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे भरपूर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांचं पोट तुडुंब भरलं तरी भूक भागेना. ते काही आधीपासून खादाड नव्हते.

म्हणून कुलूप काढा. शाळेतून आल्यावर तिला आधी पोळीभाजी पोटभर खाऊ द्या, फरसाण हवं तर बशीत घेऊन सगळ्यांबरोबर बसून खाऊ द्या, आणि तिच्या अंगाबद्दल घरात कुणीही अवाक्षर काढू नका. एवढं करूनही लपवणं थांबलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, तिला रागावू नका. कुलूप लावायच्या आधीही ती लपवून खायची का? हे मला नक्की कळवा.