ट्रॅक्टर उभा करून ठेवायचाय? मग त्या मेसेजचं ऐकू नका

लावणी आटोपली की दरवर्षी तो मेसेज फिरायला लागतो. ‘मिनी ट्रॅक्टर सात-आठ महिने उभा ठेवणार असाल तर एवढं करा, मिस्त्रीचं तोंड बघावं लागणार नाही’ असं वर, आणि खाली सहा कलमं. डिझेलची टाकी कोरडी करा. रेडिएटर रिकामा करा. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. ऑइल पुढच्या हंगामाच्या तोंडावर बदला, आत्ता बदललं तर वाया जाईल. बॅटरीची एक वायर सोडा. गाडी ताडपत्रीने जमिनीपर्यंत घट्ट बांधा. यंदा माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला. एकाने खाली ‘अनुभवाचे बोल’ असंही जोडलं होतं. अनुभव माझ्याही गाठीला आहे, आणि तो बराचसा उलटा आहे.

माझी गाडी २२ एचपीची, चारही चाकं ओढणारी. जून-जुलैत चिखलणी, आपली आणि वाडीतली भाड्याची. नारळी पौर्णिमेच्या आसपास धुऊन शेडमध्ये गेली की बहुतेक ती मे महिन्यातच बाहेर येते. म्हणजे तिचं उभं राहणं सुरू होतं तेच कोकणातल्या ऐन दमट दिवसांत. इथे उभ्या गाडीला पाणी खातं. पावसाचं पाणी दिसतं तरी. हवेतलं, डिझेलातलं, ऑइलातलं दिसत नाही.

आता टाकी. डिझेल काढलं म्हणून टाकी कोरडी होत नाही, तिच्यात हवा भरते. दुपारी पत्रा तापला की ती हवा फुगून झाकणाच्या भोकातून बाहेर पडते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि पत्र्याला आतून घाम धरतो. हे रोज, आठ महिने. घामाचं पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर हवेला जागाच उरत नाही. नव्या गाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्या गंजत नाहीत, पण पाणी साचायचं ते साचतंच.

शिवाय इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. पंपातला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, तिथे गंजाचा ठिपकासुद्धा पुरतो. पाच वर्षांपूर्वी मीही असाच सल्ला ऐकून टाकी रिकामी केली होती. मेमध्ये डिझेल भरलं, डिझेलच्या नळीतली एअर काढून काढून अंगठा सुजला, गाडी काही घेईना. फिल्टरची वाटी उघडली तर कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आणि तळाशी गंजाची भुकटी. पंप उतरवून तालुक्याला नेला. मिस्त्रीने प्लंजर तळहातावर ठेवून उजेडाकडे फिरवला. चकचकीत, आणि एका बाजूला तिळाएवढा तपकिरी डाग. तेवढ्यावर तो अडकून बसला होता. त्या वर्षी माझ्या शेताची चिखलणी दुसऱ्याच्या गाडीने झाली, तीही भाडं देऊन.

‘डिझेल नासतं’ ही भीती अगदीच खोटी नाही. तळाला पाणी असेल तर पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, काळपट चिकट थर होतो आणि फिल्टर तुंबतो. पण त्याचंही मूळ पाणीच. म्हणून उभी करण्याआधी फिल्टरच्या तळाचा बोल्ट ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचं नि उजेडात बघायचं. खाली वेगळा थर दिसला तर तो जाईपर्यंत सोडत राहायचं. मला वाटतं हे कलम ग्रासकटरवरून आलं असावं. तिथे ते बरोबर आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, म्हणून ग्रासकटर रिकामा करूनच ठेवायचा. डिझेल इंजिनाला तो नियम लावू नका.

रेडिएटरचं कलम बर्फाच्या मुलखातलं आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा देतं, म्हणून तिकडे साधं पाणी असेल तर ते काढून टाकतात. आपल्याकडे निफाडला थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पण तिथेही इंजिन फुटल्याचं मी ऐकलेलं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर प्रश्नच नाही. पाणी काढलं की आतलं ओलं लोखंड हवेला उघडं पडतं आणि भराभर गंजतं. विहिरीचं पाणी भरलेलं असेल तर ते जरूर काढा, पण लगेच कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा आणि इंजिन तापेपर्यंत फिरवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल.

सगळ्यात घातक कलम रविवारच्या पाच मिनिटांचं. ऐकायला ते मायेचं वाटतं. पण एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. मग वाफ सायलेन्सरमध्येच थिजते, काही पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलात उतरते. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतून लोण्यासारखा पांढरट थर दिसेल. वर सेल्फने बॅटरीतून जे खेचलं ते पाच मिनिटांत भरून निघत नाही. चालवायचीच तर महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास कामाला लावा, नाहीतर चालवूच नका. मी दोन महिन्यांनी, बॅटरी चार्ज करून आणली की, डिझेल तोडणारी स्टॉपची दांडी ओढून धरतो आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारतो. इंजिन पेटत नाही, ऑइल मात्र वर चढतं.

ऑइल आधीच बदलायचं. वापरलेल्या ऑइलात काजळी, आम्ल, ओलावा सगळं असतं आणि ते आठ महिने बेअरिंगांना लागून बसतं. नवं ऑइल उभ्या गाडीत आठ महिन्यांत वाया जात नाही. बदलून दहा मिनिटं इंजिन फिरवा, मग बंद करा.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते पुढच्या एक्सलचं ऑइल. चिखलणीत पुढचा एक्सल दिवसभर चिखलात बुडालेला असतो, ऑइल आत नि पाणी बाहेर ठेवणाऱ्या सीलवर भाताची मुळं नि गवत गुंडाळलेलं असतं. गाडी धुऊन रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी, हलवण्याआधी, ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. सील गेलं असेल तर आधी पाण्याची धार येते. त्यामागून येणारं ऑइल ताकासारखं दिसलं तर समजा, पाणी कालवलं गेलंय. ते तसंच ठेवलं तर मेपर्यंत बेअरिंग खरबरीत झालेलं असतं. सील त्या मानाने स्वस्तात जातं.

बॅटरीचं कलम निम्मं बरोबर. कोणती वायर ते सांगितलेलं नाही. आधी मायनस, म्हणजे प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी नाही. लावताना मायनस शेवटी. पण वायर सोडली तरी बॅटरी आपली आपण उतरत राहते, आणि उकाड्यात जास्तच. मीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्जिंगला लावा. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते ही समजूत जुन्या लाकडी पेट्यांच्या काळातली, प्लास्टिकच्या डब्याला तिचा काही संबंध नाही.

ताडपत्रीबद्दल एवढंच, की जमिनीची ओल आत कोंडते आणि उंदरांना आयतं घर मिळतं. छप्पर असेल तर जुनी सुती चादर पुरे, तीही चाकांच्या वरपर्यंत.

क्लचही मेसेजला आठवलेला नाही. पेडल मोकळं ठेवून गाडी उभी केली की प्लेट फ्लायव्हीलला दाबून धरलेली राहते आणि दमट हवेत चिकटते. पेडल दाबून आकड्यात अडकवा, आकडा नसेल तर लाकडाचा ठोकळा बांधा. रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला.

तो डबा मी एकदा मेमध्ये विसरलो आणि तसाच सेल्फ मारला. डबा उडून गोठ्याच्या कौलांवर गेला, दोन कौलं फुटली. तेव्हापासून स्टिअरिंगला पुठ्ठा बांधतो आणि वर कोळशाने लिहितो: ‘डबा काढ. ठोकळा काढ. ऑइल बघ. मग चावी.’