दुधाने अल्सर बरा होत नाही, कोर्स अर्धवट सोडू नका

"अल्सर तिखटाने आणि टेन्शनने होतो. एकवीस दिवस उपाशीपोटी ग्लासभर थंड दूध प्या, गोळ्या बंद करा." हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि मावशीने चालू कोर्स मध्येच सोडला. म्हणून हे उत्तर.

तिखटाचं आधी. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम होते, तोच अल्सर. त्याची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि काही वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी जिवाणूचा संबंध दाखवला, तेव्हा कोणी मानेना. १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जिवाणू प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना याच कामासाठी मिळालं. तिखटाने आधीच झालेल्या जखमेची आग वाढते, एवढं मान्य. टेन्शनने त्रास वाढू शकतो, तेही मान्य. पण मिरची सोडून जिवाणू मरत नाही.

गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. या वेदनाशामक गोळ्यांनी जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत होतं.

आता दूध, म्हणजे यातला सगळ्यात घातक भाग. दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, मग त्यातलीच प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. जिवाणू चिकट अस्तराखाली अमोनिया तयार करून स्वतःला आम्लापासून वाचवत बसलेला असतो. त्याला दुधाचं काही सोयरसुतक नाही. त्याला मारायला दोन-तीन प्रकारच्या अँटिबायोटिक गोळ्या आणि आम्ल कमी करणारं औषध एकत्र, बहुधा १४ दिवस लागतं. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास. दुखणं बऱ्याचदा काही दिवसांत कमी होतं आणि लोक तिथेच सोडतात. उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, मग पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेला का ते बघायचं. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून थांबवायची, नाहीतर असलेला जिवाणूही दिसत नाही.

शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. लोहाच्या किंवा बिस्मथच्या (पोटाचं एक औषध) गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.