गिटार, कूलर आणि पाण्याची पाळी

हलगी तापवली की खणखणते. त्यामुळे सोलापुरात हलगीवाल्यांचं सहसा अडत नाही. ऊन इथे फुकट आहे आणि फेब्रुवारी संपायच्या आत घरपोच येतं. गिटारीचं मात्र उलटं. तिला म्हणे 45 ते 55 टक्के आर्द्रतेची हवा लागते. हे सांगणाऱ्या जाणकारांपैकी कुणी मे महिन्यात दुपारी दोन वाजता अशोक चौकात उभं राहिलेलं दिसत नाही.

माझ्याकडे आर्द्रता मोजायचं एक काडेपेटीएवढं यंत्र आहे. एका दुपारी त्यावर तापमान 43 आणि आर्द्रता 17 असं दिसलं. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "सेल गेला असेल, बदला." सेल बदलला. आर्द्रता 16 झाली.

अशा हवेत गिटारीचं काय होतं, ते बोटांना आधी कळतं. जिच्यावर बोटं दाबायची ती पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, शिसवाची. लाकूड वाळलं की लांबीला जवळजवळ तेवढंच राहतं, पण रुंदीला आकसतं. त्यात बसवलेल्या धातूच्या फ्रेट्स आकसत नाहीत. मग त्यांची टोकं पट्टीच्या कडेने बाहेर डोकावू लागतात. पहिल्या फ्रेटवरून सातव्याकडे हात सरकवला की तळव्याच्या कडेला बारीक ओरखडे उठतात. ऑफिसात विचारतात, मांजर पाळलंय का? मी हो म्हणतो. शिसवाचं आकुंचन समजावण्यापेक्षा मांजर परवडतं.

त्यातून वरची फळी जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यावर सहा स्टीलच्या तारांचा मिळून सत्तर किलोंच्या आसपासचा ताण. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस रात्रंदिवस तिला लोंबकळतोय, आणि ती हूं की चूं करत नाही. मी तिला कधी शाबासकी दिली नव्हती. माणूस तार तुटली की बोंबलतो. न तुटलेल्या पाच तारांचं नावही काढत नाही.

मार्टिन ही 1833 सालापासूनची गिटारी बनवणारी अमेरिकन कंपनी. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यावर 1969 च्या सुमारास ती आपल्या भारतीय शिसवाकडे वळली. आता जे झाड सह्याद्रीच्या पावसात मोठं झालं, त्याच्या नातलगांनी सोलापूरचा उन्हाळा काढायचा, ही शुद्ध फसवणूक आहे. माझी गिटार मार्टिन नाही. तिची किंमत आणि माझा पगार यांची पत्रिका जुळत नाही. पण पट्टी त्याच जातीच्या लाकडाची, तेवढंच समाधान.

तर तिला ओलावा द्यायचा. उपाय सोपा आहे: साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडायची, आत स्पंजचा ओला पिळलेला तुकडा ठेवायचा आणि डबी गिटारीच्या पेटीत सारायची. अवघड आहे ते पाणी. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, आणि येतो तो स्वतःच्या सोयीने. उजनीपासून शंभरावर किलोमीटर आलेलं ते पाणी. पाण्याच्या दिवशी घराची सूत्रं आईकडे. पिंप, हंडा, कळशी, जुन्या ऑइलपेंटचा डबा, सगळं रांगेत. त्या रांगेच्या शेवटी मी साबणाची डबी घेऊन उभा.

"हे कशाला?"

"गिटारीला."

"लाकूड पाणी पितंय होय? माझी तुळस वाळाली, तिला कोण देणार?"

माझ्या बाजूने उभे राहिले ते शेजारचे मामा. पूर्व भागातल्या यंत्रमागावर उभा जन्म काढलेला माणूस. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की कन्नड. त्यांनी गिटार हातात घेतली, वाजवली मात्र नाही. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, यंत्रावरचा आकडा बघितला आणि आईला म्हणाले, "वहिनी, बरोबर करायलाय त्यो. हवा सुकली की आमचं सूत बी तुटतंय की. कापसाला ओल लागतीय. आम्ही कारखान्यात फरशीवर पाणी मारायचो." कापसाचं सूत कोरड्यापेक्षा ओलं असताना जास्त ताण सोसतं, हे ते आयुष्यभर हाताने जाणत आलेले. चादरींच्या गावात गिटार आणली म्हणून मला वर्षानुवर्षं अवघडल्यासारखं व्हायचं. मामांच्या लेखी ती फक्त सहा धाग्यांचा, जरा नाजूक माग होती. डबीला त्या दिवसापासून पाणी मिळायला लागलं. तुळशीच्या नंतर, पण मिळायला लागलं.

आता कूलर. हे प्रकरण मला उशिरा उमगलं, पण मुख्य तेच आहे.

आमचा कूलर पत्र्याचा. तीन बाजूंना वाळलेल्या गवताच्या जाळ्या, त्यावर आमच्या जड पाण्याच्या क्षारांचे पांढरे थर, आणि चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं तळ्यातल्या गाळाचा वास. त्याला मी नावं ठेवत आलोय. माझा एक मित्र जुळे सोलापुरात राहतो. त्याने एसी घेतला तेव्हा मी अठरा अंशांत बसून आलो आणि घरी येऊन कूलरकडे तुच्छतेने बघितलं. मित्राची गिटारही त्याच खोलीत. माझ्यापेक्षा तिप्पट महाग.

एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो. बाहेर नळीतून टपटप गळतं ना, तेच ते. म्हणजे आधीच कोरड्या हवेतून उरलंसुरलं पिळून घ्यायचं. कूलर नेमकं उलटं करतो, ओल्या गवतातून हवा ओढून पाण्यासकट खोलीत सोडतो. त्याला हवा जितकी कोरडी मिळेल तितकं त्याचं काम फर्मास. मुंबईत तो निव्वळ आवाज करेल. म्हणजे ज्या कोरडेपणाला आपण शिव्या घालतो, त्याच्याच जिवावर आमचा पत्र्याचा डबा चालतो. मी यंत्र नेऊन कूलरच्या खोलीत ठेवलं. तासाभरात 51. जाणकारांच्या बरोब्बर मधोमध! मित्राच्या गिटारीच्या फ्रेट्सनी त्याच आठवड्यात त्याचं बोट कापलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण कूलरला सूर आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, प्रत्येक हेलकाव्यात मोटारीतलं लोखंड दोनदा ओढलं जातं, म्हणून मोटार सेकंदाला शंभर कंपनांच्या, म्हणजे शंभर हर्ट्झच्या सुरात गुणगुणते. आणि गिटारीच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा 'जी' (G) हा स्वर असतो 98 हर्ट्झचा. किती जवळ! फुकटचा तंबोरा, तोही न थकता रात्रभर. फक्त तो किंचित चढा, अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाने. कूलर काही खाली उतरायला तयार नाही, म्हणून मीच गिटारीच्या सगळ्या तारा तेवढ्या वर चढवल्या. मे महिन्यात आमच्या घरी 'जी' स्वरातलीच गाणी वाजतात. बाकीची जूनपर्यंत थांबतात. लाइट गेली की अंधारात पहिला प्रश्न सुराचा येतो, डासांचा नंतर.

आईला हे तंबोऱ्याचं पटलेलं नाही. "त्याची मोटर जायला आलीय," एवढंच ती म्हणते. तिचंही खरं असू शकतं.

परवा मित्र गिटार घेऊन दारात. म्हणाला, पाऊस पडेपर्यंत हिला तुमच्या कूलरपाशी राहू दे लगा. एसीवाल्याने पत्र्याच्या कूलरपुढे हात जोडायचे, हे दृश्य मी डोळे भरून बघून घेतलं. पण कूलर दिवसाला किती कळशा पितो, याचा हिशेब आईकडे असतो. ती आतूनच म्हणाली, "राहू दे की. आपल्याकडे काय कमी आहे. फक्त येताना पाण्याचा जार आण म्हणावं."

तो दोन घेऊन आला. एक आईने पिंपात ओतला, दुसरा तुळशीला ठेवलाय.